पांढरे झालेले लाल कंदील

तैवानच्या कीलुंग बंदराच्या मागच्या गल्लीत वेई घराण्याचा फोटो स्टुडिओ अजून चालू आहे. चालू आहे म्हणजे शटर रोज वर जातं, एवढंच. आत वेई शुन-यी बसलेला असतो. वय सहासष्ट, केस सगळे पांढरे, बोटांच्या टोकांना रसायनांचे न निघणारे डाग. गल्ली त्याला आ-शुन म्हणते. पासपोर्टचे, नोकरीच्या अर्जाचे, बोटीवर रुजू होणाऱ्या खलाशांचे फोटो तो दिवसभर रंगीत काढतो, आणि काढताना चेहरा असा करतो की कोणीतरी त्याला दुसऱ्याचं उष्टं वाढलंय.

रात्री जेवण झालं की हाच माणूस बदलतो. जुना कॅमेरा पिशवीत टाकतो, ट्रायपॉड खांद्यावर घेतो आणि बंदराकडे चालू लागतो. चाळीस वर्षं झाली, तो रात्रीचं शहर काढतोय आणि फक्त काळंपांढरं काढतोय. क्रेन, ओले रस्ते, गाडीत झोपलेले टॅक्सीवाले, रिकाम्या बाजारातल्या बर्फाच्या पेट्या. गेल्या काही वर्षांत त्याचं नाव झालं. तैपेईहून तरुण पोरंपोरी त्याला शोधत येतात, गुरुजी म्हणतात आणि सगळी एकच विचारतात.

"गुरुजी, रात्रीचं शहर म्हणजे नुसता रंग. सुपारीच्या टपऱ्यांच्या हिरव्या ट्यूब, देवळाचे पिवळे दिवे, बोटींचे लाल. तुम्ही सगळं धुऊन टाकता. का?"

"रंग बडबड करतो," आ-शुन सांगायचा. "त्याला गप्प केलं की शहर बोलायला लागतं."

पोरं ते वहीत लिहून घ्यायची. वाक्य चांगलंच होतं, आणि आ-शुनने ते इतक्या वेळा म्हटलं होतं की त्यालाही खरं वाटायला लागलं होतं. खरं कारण वेगळं होतं आणि ते दोनच माणसांना ठाऊक होतं, एक तो आणि दुसरी त्याची बहीण चिन-चू.

आ-शुन सहा वर्षांचा असताना आई गेली. चिन-चू तेव्हा वीस वर्षांची होती. तिने त्याला न्हाऊ-माखू घातलं, कान धरून शाळेत नेलं आणि उरलेल्या वेळात वडिलांच्या स्टुडिओत फोटो रंगवले. फोटो तेव्हा काळेपांढरेच असत. गिऱ्हाईक चार पैसे जास्त द्यायला तयार झालं की चिन-चू बारीक ब्रश घेऊन त्यात रंग भरायची. खलाशाच्या कॉलरला निळा, नवरीच्या ओठांना लाल, मागच्या खोट्या बागेला हिरवा. वडिलांचा नियम एकच होता. पहिला ब्रश गालाला लागला पाहिजे. "गालाला लाली आली की माणूस जिवंत," ते म्हणत. "मेलेल्याच्या फोटोत गाल तसाच सोडायचा." म्हणून कोणी फोटो घेऊन आलं की चिन-चू आधी विचारायची, "आहेत की गेले?"

लहानगा आ-शुन पाण्याची वाटी धरून शेजारी बसायचा. सातव्या वर्षी एकदा, बहीण उठून गेली असताना, त्याने ब्रश उचलला आणि एका बोटीच्या कप्तानाचे गाल रंगवले. कप्तान दारू पिऊन तोंडावर आपटल्यासारखा दिसायला लागला. वडिलांनी विचारलं, कोणी केलं हे? चिन-चू म्हणाली, मी. थप्पड तिने खाल्ली. आ-शुनने त्यानंतर ब्रशला हात लावला नाही. त्याने अंधाऱ्या खोलीतलं काम धरलं.

वडील गेले तेव्हा स्टुडिओ आ-शुनकडे आला आणि नेमकी त्याच सुमारास रंगीत फिल्म आली. रोल तैपेईच्या लॅबला पाठवले की आठवड्यात रंगून परत. हाताने रंगवलेला फोटो कोण घेणार? एका शनिवारी संध्याकाळी त्याने बहिणीला सांगितलं, "आ-ची, सोमवारपासून आली नाहीस तरी चालेल." थोरल्या बहिणीला इकडे आ-ची म्हणतात. सांगताना त्याचा सूर असा होता की जणू तो तिला रजा देत होता. तिचा नवरा तेव्हा गोदीत पाय मोडून घरी बसलेला होता आणि पोरगा शाळेत होता. चिन-चू "बरं" म्हणाली. ब्रश धुतले, रंगांच्या बाटल्या पुसून कपाटात ठेवल्या, दार ओढून घेतलं आणि गेली.

दोन महिन्यांनी तिने देवळाजवळ सूपची गाडी टाकली. मोठ्या कढईच्या तापल्या कडेवर तांदळाचं पातळ पीठ ओतायचं, धिरड्यासारखं सुटलं की खालच्या रश्श्यात ढकलायचं. त्या गाडीवर तिने पोरगा वाढवला, नवऱ्याचं शेवटपर्यंत केलं आणि आ-शुनला, ज्याने लग्न केलंच नाही, रोज रात्री एक वाडगा फुकट वाढला. त्या शनिवारबद्दल ती कधी एक अक्षर बोलली नाही. ती बोलली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर आ-शुनला बरं वाटलं असतं. तिचं ते न बोलणं त्याला आयुष्यभर पचलं नाही.

म्हणून त्या वर्षी त्याने ठरवलं की स्वतःसाठी जे फोटो काढायचे ते काळेपांढरेच. ज्या रंगाने आ-चीचं काम खाल्लं तो आपल्या रात्रींत नको. तेव्हा ते प्रायश्चित्त होतं. पुढे कौतुक व्हायला लागलं, गुरुजी गुरुजी झालं आणि प्रायश्चित्ताची फुशारकी कधी झाली ते त्याला कळलं नाही. असं होतं माणसाचं. चांगल्या कारणाने धरलेली गोष्टसुद्धा पुढे नुसतीच धरलेली राहते.

चिन-चूला ऐंशी लागलं तेव्हा तिच्या मुलाने, मिंग-थायने, गल्लीत मांडव घालून जेवण दिलं. मिंग-थाय मासळी बाजारात लिलाव पुकारतो. आवाज मोठा, मन मोठं आणि रागही मोठा. दहा टेबलं लागली, डुकराचे पाय आणि लांब शेवयांचे वाडगे फिरले, पीचच्या आकाराचे गुलाबी पाव आले. दाराशी दोन मोठे लाल कंदील, त्यांवर सोनेरी रंगात तिच्या सासरचं आडनाव, ल्यू. जेवणं आटोपली, पाहुणे पांगले आणि चिन-चू दमून दाराशी स्टुलावर बसली. पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या, हात मांडीवर सोडले आणि समोरच्या ओल्या रस्त्याकडे बघत राहिली.

आ-शुनने ते पाहिलं. संध्याकाळभर नातवंडांचे रंगीत फोटो काढून तो कंटाळला होता. त्याने जुना कॅमेरा काढला, ट्रायपॉड रोवला. "आ-ची, हलू नकोस," एवढंच म्हणाला. ती म्हणाली, "हलायला त्राण कुठंय?" त्याने एकच फोटो घेतला.

तो फोटो म्हणजे त्याच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो होता, यात शंका नाही. मी पाहिलाय. म्हातारीच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती त्यात होती, दमणूक होती, आणि इतक्या वर्षांनी कोणाचीच वाट बघायची नाही असा एक निवांतपणाही होता. आ-शुनने तो दोन हात लांब मोठा केला, चौकट केली, लाल कागदात गुंडाळला आणि आठ दिवसांनी बहिणीच्या घरी घेऊन गेला. आता वाहवा होणार म्हणून तो दाराजवळच उभा राहिला.

कागद निघाला. मिंग-थायची नात पाच वर्षांची, तिने बोट दाखवून विचारलं, "पणजी, पांढरे कंदील कोणाचे?"

तेव्हा कुठे आ-शुनला दिसलं. पोटात दिवा असलेला लाल कंदील काळ्यापांढऱ्या फिल्मवर पांढराशुभ्र उमटतो आणि सोनेरी अक्षरं उजेड अडवून काळी दिसतात. दाराशी पांढरे कंदील, त्यांवर काळं आडनाव. ज्या घरात माणूस गेलंय त्या घरावर असे कंदील लागतात, दुसऱ्या कुठल्याच नाही. आणि त्या दोन कंदिलांच्या मधोमध, लाली नसलेल्या गालांची त्याची बहीण बसलेली. पेटलेला लाल कंदील असा पांढरा येतो हे त्याला जन्मापासून ठाऊक होतं. पण चाळीस वर्षं तो फक्त उजेड आणि अंधार बघत आला होता. कंदील बघायचं तो विसरून गेला होता.

"माझेच गं," चिन-चूने पणतीला सांगितलं. मग चौकट हातात धरून म्हणाली, "चांगलं आलंय. हनुवटी तेवढी बाबांची आलीय. खिळा नाहीये भिंतीला. उद्या लावू."

मिंग-थायच्या बायकोने फोटो उचलून तांदळाच्या डब्यामागे ठेवला, तोंड भिंतीकडे करून. आ-शुनला चहा दिला गेला आणि त्याने तो तोंड भाजेपर्यंत घाईने प्यायला.

त्यानंतर अकराव्या दिवशी चिन-चू कढईपाशी उभी असताना कोसळली. अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं गेलं. आ-शुन इस्पितळात धावला तर मिंग-थाय खोलीच्या दारातच आडवा उभा.

"आ-कू, तुम्ही परत जा." मामाला तो आ-कू म्हणायचा, आणि लहानपणी त्याच आ-कूच्या खांद्यावर बसून त्याने बंदरातल्या बोटी मोजल्या होत्या.

"मला एकदा बघू दे तिला."

"बघितलंत की. जिवंतपणी तिचं मयत बघितलंत, चौकट करून आणून दिलंत. आता काय राहिलं?"

"अरे, डॉक्टरला विचार. तिचा रक्तदाब किती वर्षांचा—"

"डॉक्टरने सांगितलंय मला सगळं. तरी तुम्ही जा."

आ-शुन गेला. घरी जाऊन त्याने स्वतःला बजावलं की फोटोने कोणाला झटका येत नसतो. बाई ऐंशीची, मीठ जास्त खाते, पहाटे तीनला उठून पीठ वाटते. हे सगळं खरं होतं. तरी रात्री डोळे मिटले की त्याला ते दोन कंदील दिसायचे आणि तो ताडकन उठून बसायचा. एका रात्री त्याने अंधाऱ्या खोलीत तोच फोटो परत कागदावर उतरवायला घेतला. कागदावर जितका उजेड जास्त, तितका तो काळा होतो. कंदिलांवर जास्त उजेड पाडला, मग आणखी पाडला, की निदान ते पांढरे तरी दिसू नयेत. ते राखाडी झाले. मग काळे झाले. लाल होणं त्यांच्या नशिबात नव्हतं. पहाटेपर्यंत टोपली फुकट गेलेल्या कागदांनी भरली.

आणि यातच त्याने ती गोष्ट केली जिची त्याला सगळ्यात जास्त लाज वाटते. तैपेईहून थांग नावाच्या बाईचा फोन आला. रात्रीच्या शहरांच्या फोटोंचं मोठं प्रदर्शन ती भरवत होती. आ-शुनने महिन्यापूर्वी, वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी, हर्षाच्या भरात त्या फोटोची छोटी प्रत तिला पाठवली होती. "गुरुजी, दारातली म्हातारी! सगळ्यांनी एकमताने निवडलाय. जाहिरातीवरसुद्धा तोच घेतोय. चालेल ना?"

बहीण इस्पितळात पडली होती. दाराबाहेर त्याला हाकललं होतं. आणि आ-शुन म्हणाला, "चालेल." फोन ठेवल्यावर त्याने स्वतःचंच ते उत्तर ऐकलं. पण परत फोन मात्र केला नाही. उद्या करू म्हणाला, परवा करू म्हणाला. आयुष्यात एकदाच असा फोटो निघतो, हे तो स्वतःला सांगत राहिला. असे पंधरा दिवस गेले.

सोळाव्या दिवशी मिंग-थाय स्टुडिओत आला. हातात मोबाइल, मोबाइलवर प्रदर्शनाची जाहिरात.

"हे काय आहे?"

आ-शुनने मोबाइल हातात घेतला.

"लोक मला बाजारात विचारतायत, तुझी आई गेली का? कधी गेली? कळवलं पण नाहीस म्हणे!" त्याचा लिलावाचा आवाज भिंतींवर आदळत होता. "आई घरी आलीय. डावा हात हलतोय, चार शब्द फुटतायत. आणि तुम्ही तिला पांढऱ्या कंदिलांखाली अख्ख्या तैवानला दाखवताय. ऐका आ-कू. हा फोटो त्या भिंतीवर लागला, तर आमच्या दारात यायचं नाही. आई गेल्यावरसुद्धा नाही. खिळा ठोकायला मी दुसरं कोणीतरी बघीन."

इकडे आईच्या शवपेटीवरचा शेवटचा खिळा तिच्या भावानेच ठोकायचा असतो. तो येईपर्यंत पेटी अडून राहते, सगळं घर दारात गुडघे टेकून मामाची वाट बघतं. मिंग-थायने यापेक्षा मोठी गोष्ट बोलायची शिल्लक ठेवली नव्हती, आणि बोलून झाल्यावर त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं. तो वळून निघून गेला.

आ-शुनला खिळ्याचं वाईट वाटलंच, पण त्याहून एक गोष्ट त्याला टोचली. बहीण घरी आलीय, चार शब्द बोलतेय आणि ते चार शब्द कोणते हे आपल्याला माहीत नाही. ती गेली, तर ते आपल्याला कधीच कळणार नाहीत. शनिवारी "बरं" म्हणून गेलेली बहीण तशीच जाईल, काही न बोलता. एवढ्या एका विचाराने तो उठला.

कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात, मागे, चिन-चूने पुसून ठेवलेल्या बाटल्या तशाच होत्या. लाल रंग सुकून तळाशी वडी झाली होती. त्याने कोमट पाण्याचे चार थेंब टाकले, तसा तो हळूहळू सुटायला लागला. ब्रश घेतले. प्रदर्शनासाठी तयार करून ठेवलेला, कडा तासलेला मोठा फोटो पुठ्ठ्यावर बांधला. निघण्याआधी तैपेईला फोन लावला.

"थांग बाई, तो फोटो येणार नाही. रंगवायला नेतोय."

"रंगवायला? पण गुरुजी, तो तर काळापांढरा आहे!"

"होता," आ-शुन म्हणाला आणि फोन ठेवला.

मिंग-थायने दार उघडलं आणि पुठ्ठा बघून त्याचा चेहरा फिरला. पण तो तोंड उघडण्याआधी आतून चमचा टेबलावर आपटल्याचा आवाज आला. टक, टक, टक. चिन-चूने भावाच्या चपलांचा आवाज ओळखला होता. मिंग-थाय दारातून बाजूला झाला. आ-शुनने खिशातून छोटं पाकीट काढून त्याच्या हातात दिलं. "मूळ फिल्म आहे. जाळ, ठेव, तू ठरव." मिंग-थायने पाकीट खिशात घातलं.

ती खिडकीपाशी उशांना टेकून बसली होती. अर्धा चेहरा तिचा होता, अर्धा ओघळलेला. आ-शुनने येताना सगळं बोलायचं घोकलं होतं. कंदिलांचं, त्या शनिवारचं, चाळीस वर्षांचं. त्याऐवजी त्याने फोटो तिच्यापुढे टेबलावर ठेवला, शेजारी पाण्याची वाटी ठेवली, ब्रश ठेवला आणि वाटी हाताने धरून बसला, लहानपणी बसायचा तसा.

चिन-चूने फोटोकडे बघितलं. मग बाटलीकडे. बाटली तिने डाव्या हाताने जवळ ओढली, वास घेतला. ब्रश मुठीत धरला, पाण्यात बुडवला, रंगात टेकवला आणि पहिल्या कंदिलावर लाल ओढला. रंग कंदिलाच्या कडेबाहेर गेला, भिंतीवर गेला, आ-शुनने इतक्या निगुतीने आणलेल्या काळोखात लाल ओघळ उतरला.

"अगं, कड—" तो बोलून गेला.

तिने मान वळवून असं बघितलं की तो गप्प झाला. दुसरा कंदील व्हायला अर्धा तास लागला. मिंग-थाय दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, त्याची बायको मागे. दोन्ही कंदील लाल झाले, वेडेवाकडे, गळके, पण लाल. कोणीही म्हटलं असतं की या घरात आज आनंदाचा दिवस आहे.

आता गाल राहिले होते. आ-शुन वाट बघत होता. वडिलांचा नियम मोडून तिने कंदील आधी घेतले होते आणि चेहरा तसाच ठेवला होता. राखाडी. तिने स्वतःला गेलेलीच धरलंय का? मी आणून दिलेलं तिने खरं मानलंय का?

चिन-चूने ब्रश त्याच्यापुढे केला.

"मी? मला येत नाही, आ-ची. तुला माहितीये मला येत नाही."

"शुन," ती म्हणाली. शब्द जाड, ओला, अर्ध्याच तोंडातून आलेला. तिने डावं बोट उचलून आपल्या ओघळलेल्या गालावर टेकवलं. "शुन. लाव."

साठ वर्षांनी त्याने ब्रश हातात घेतला. उजेडाची एकेक छटा ओळखणाऱ्या त्या हाताला रंग किती घ्यायचा ते कळेना, त्याने घेतला तेवढा लावला. एका गालावर एक, दुसऱ्या गालावर एक. कागदाने रंग पिऊन टाकला, आणि फोटोतली ती निवांत, देखणी म्हातारी दोन बाटल्या पोटात गेल्यासारखी लालभडक झाली. आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो गेला.

"बिघडला," आ-शुन म्हणाला. "आ-ची, बिघडवला मी."

चिन-चू खाली वाकून बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मिंग-थाय घाबरून पुढे आला, पण ती रडत नव्हती. अर्ध्या तोंडाने हसत होती. हसता हसता तिने डावा हात उचलला, भावाच्या गालावर हलकीशी चापट मारली आणि एकेक अक्षर ओढत म्हणाली,

"कप्... तान."

"कोण कप्तान?" मिंग-थायने विचारलं. "आई, कोण कप्तान? आ-कू, काय म्हणतेय ही?"

पाण्याची वाटी हातात धरून आ-शुन लहान पोरासारखा रडत होता.